निम्म्या भावातला बिस्किटचा पुडा : मुदत संपत आलेला माल बाजारात येतो कुठून, आणि शेवटी अंगावर येतो कुणाच्या?

सोलापूर : आठवडी बाजारात टेम्पो मागं लावायचा, खाली ताडपत्री अंथरायची आणि खोकी फोडून किराणा विकायला बसायचं, हे दृश्य आता तालुक्या-तालुक्यात नेहमीचं झालंय. माल ओळखीच्या कंपन्यांचाच असतो. बिस्किटं, नूडल्स, चॉकलेट, मसाल्याची पाकिटं, चहा. पुड्यावर छापील किंमत ३० रुपये, आणि विक्रेता मागतो १८. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी तोच पुडा १५ ला सुद्धा मिळतो.

शेजारी पिढ्यान्‌पिढ्या किराणा विकणारा दुकानदार हे बघून चक्रावतो. त्याला डीलरकडूनच तो पुडा २६-२७ रुपयांना पडत असेल, तर समोरचा १८ ला विकून कमावतो काय?

गावात याचं एक सोपं उत्तर तयार असतं : "माल डुप्लिकेट असणार." कधी कधी तसं असतंही. पण बऱ्याचदा माल अस्सल असतो. एवढा स्वस्त का, याचं कारण पुड्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते म्हणजे तारीख. त्या पुड्याचं आयुष्य संपत आलेलं असतं.

असा माल ठोकात घ्यायचा आणि किरकोळीत विकायचा, हा आता चांगला जम बसलेला धंदा आहे. व्यापारात त्याला 'शॉर्ट एक्सपायरी', 'निअर एक्सपायरी' किंवा नुसतं 'लॉटचा माल' म्हणतात. गावाकडची बेरोजगार पोरं, महिला बचत गट, छोटे दुकानदार यात उतरू लागलेत. धंदा बेकायदा नाही. तारीख संपायच्या आत माल स्वस्तात विकायला कायद्याची आडकाठी नाही. तरीही या धंद्याची साखळी नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्या शेवटच्या टोकाला गावातला विक्रेता आणि गावातला ग्राहक उभा आहे.

माल उरतो कसा?

कंपनी माल बनवते तो अंदाजावर. सण येणार, खप वाढणार, म्हणून आधीच जास्त माल डीलरकडे टाकला जातो. महिनाअखेर टार्गेट पूर्ण करायचं म्हणून सेल्समन स्कीम लावून गोदाम भरतो. मग पाऊस लांबतो, हातात पैसा नसतो, खप होत नाही. दिवाळीनंतर सोनपापडीचे आणि चॉकलेटचे डबे एकदम स्वस्त का होतात, याचं कारणही हेच. सण गेला की त्या डब्याला गिऱ्हाईक उरत नाही.

पॅकिंग बदललं, वजन बदललं, कर बदलला तरी जुना माल अडकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं आणि चॉकलेटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, फरसाण-नमकीनवरचा १२ वरून ५ वर आला. त्या वेळी जुन्या छापील किमतीचा बराच माल दुकानांत आणि गोदामांत होता. अशा बदलाच्या काळात एक गोष्ट बघावी लागते. "३० चा पुडा १८ ला" असं विक्रेता म्हणतो तेव्हा तो ३० आकडा जुन्या करासकटचा आहे का? तसं असेल तर सूट वाटते तेवढी नसते.

तिसरं कारण म्हणजे मोठी दुकानं. मॉल आणि सुपरमार्केटवाले माल उतरवून घेतानाच किती आयुष्य शिल्लक आहे ते तपासतात. कमी असेल तर गाडी परत. तो परत आलेला माल मग कुठेतरी जायला हवा.

फेकण्यापेक्षा विकणं परवडतं

इथं जीएसटीचा एक नियम कामाला येतो, आणि तो गावापर्यंत फारसा कुणाला माहीत नसतो.

व्यापारी माल घेताना जो कर भरतो, तो पुढं विक्रीच्या करातून त्याला वळता करून मिळतो. पण माल नष्ट केला किंवा हिशेबातून काढून टाकला, तर ही वळती मिळत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तशी तरतूद आहे. आधी घेतली असेल तर ती परत करावी लागते.

साधा हिशेब बघा. डीलरने १०० रुपयांचा माल ५ रुपये कर भरून घेतला. तो नष्ट केला तर १०० गेले, वळतीचे ५ गेले, वर नष्ट करायचा खर्च. तोच माल ३० रुपयांना लॉटवाल्याला दिला तर ३० हातात आले, त्यावर दीड रुपया कर लागला आणि आधीच्या ५ ची वळती शाबूत राहिली. कुणीही दुसरा रस्ताच धरणार.

यात वाईट काही नाही. खाण्याजोगा माल कचऱ्यात जाण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात गेलेला बरा. रोजंदारीवर जाणाऱ्या घराला ३० चा पुडा १८ ला मिळाला तर पोरांच्या हातात बिस्किट पडतं. पण तो माल ज्या गोदामातून निघतो, तिथून प्रत्येक हाताला दिवस कमी होत जातात. डीलरकडून निघताना ७० दिवस शिल्लक असतील, तर मोठ्या लॉटवाल्याकडे ६०, जिल्ह्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे ५० आणि आठवडी बाजारातल्या ताडपत्रीवर येईपर्यंत ३०-३५. दिवसांबरोबर कागदही कमी होत जातात. वरच्या टोकाला जीएसटीचं पक्कं बिल असतं, मधे कच्ची चिठ्ठी आणि शेवटी नुसता तोंडी भाव.

ऑनलाइन ग्राहकाला ४५ दिवस, बाजारातल्या ग्राहकाला किती?

नोव्हेंबर २०२४ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ऑनलाइन किराणा विकणाऱ्या कंपन्यांना एक सूचना दिली. ग्राहकाच्या दारात माल पोचेल तेव्हा त्याचं किमान ३० टक्के आयुष्य, किंवा मुदत संपायला किमान ४५ दिवस शिल्लक असावेत.

पुण्या-मुंबईत मोबाईलवरून किराणा मागवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट झाली. पण ज्या मालाचे ४५ पेक्षा कमी दिवस उरलेत, तो ऑनलाइन विकायला अडचण आली म्हणून काही गायब होत नाही. त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि ते गिऱ्हाईक जिथं दिवसांची अशी कुठलीच अट नाही तिथंच सापडणार. आठवडी बाजारात विकल्या जाणाऱ्या पुड्याला किती दिवस शिल्लक हवेत, याची अशी अट नाही. तिथं एकच रेघ आहे, ती म्हणजे मुदतीची शेवटची तारीख.

पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, एफएसएसएआयने आणखी एक आदेश काढला. उत्पादक, आयातदार आणि पुन्हा पॅकिंग किंवा लेबल लावणाऱ्यांनी नाकारलेल्या आणि मुदत संपलेल्या मालाची माहिती दर तीन महिन्यांनी द्यायची : किती माल परत आला, त्याचं काय केलं, लिलाव केला की नष्ट केला, कुणाला दिला. असा माल नवं लेबल लावून पुन्हा माणसांच्या खाण्यात येऊ नये, हा त्यामागचा उद्देश आहे. पण ही माहिती साखळीच्या वरच्या टोकाला गोळा होते. मधला डीलर, लॉटवाला आणि टेम्पोवाला तिच्यात येत नाहीत. गावाशी संबंध येतो तो याच मधल्या लोकांचा.

आणि गोंधळ फक्त खेड्यातच होतो असंही नाही. जून २०२५ मध्ये मुंबईत धारावीतल्या एका क्विक कॉमर्स कंपनीच्या गोदामाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) स्थगित केला होता. तपासणीत सापडलेल्या त्रुटींमध्ये मुदत संपलेला माल चांगल्या मालापासून वेगळा ठेवलेला नाही, हीसुद्धा एक होती. तिथं तपासणी झाली म्हणून ते उघड झालं. आठवडी बाजारात तपासणीला कोण, कधी येतं, हा खरा प्रश्न आहे.

कायद्यात शेवटचा विक्रेताही सुटत नाही

"माल कंपनीचा आहे, मी फक्त विकतो," असं म्हणून हात झटकता येत नाहीत. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ मध्ये किरकोळ विक्रेत्याची जबाबदारी वेगळी लिहिलेली आहे. मुदत संपल्यावर माल विकला तर विक्रेता जबाबदार. माल अस्वच्छ जागी ठेवला तर जबाबदार. लेबल खोटं किंवा दिशाभूल करणारं असेल तर जबाबदार. आणि माल कुणाकडून घेतला, हे सांगता आलं नाही तरीही जबाबदार.

हा शेवटचा मुद्दा लॉटच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे. बिल नसलेला माल पकडला गेला तर वरचे सगळे नामानिराळे राहतात आणि ताडपत्रीवर बसलेला एकटा सापडतो.

उलट, बिल असेल तर तेच विक्रेत्याचं कवच होतं. कलम २६ प्रमाणे, खाद्यपदार्थ विकणाऱ्या व्यावसायिकाने पुढच्या विक्रेत्याला मालाच्या दर्जाची लेखी हमी द्यायची असते, आणि बिल किंवा कॅश मेमो हीच ती हमी समजली जाते. म्हणजे बिल मागणं हा विक्रेत्याचा हक्क आहे. "बिल घेशील तर रेट वाढेल" असं सांगणारा लॉटवाला खरं तर जोखीम समोरच्याच्या गळ्यात घालत असतो.

तारीख पुसून नवी टाकणं, वरून स्टिकर लावणं, हा तर सरळ गुन्हाच आहे. खोट्या लेबलचा माल विकल्यास ३ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माल खाण्यास असुरक्षित ठरला तर तुरुंगवासही होऊ शकतो. छापील किंमत खोडणं, त्यावर फेरफार करणं यालाही वजनमापे कायद्याखालच्या नियमांत बंदी आहे. आणि अन्नपदार्थ विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. "आपण तर आठवड्यातून एकदाच बसतो" ही सबब चालत नाही.

धंद्याचं गणित : ७५० वा पुडा

या धंद्यात पैसा आहे, पण तो दिसतो तितका सोपा नाही. एक उदाहरण घेऊ.

समजा, ३० रुपये छापील किमतीचे १,००० पुडे १२ रुपयांनी घेतले. १२,००० रुपये झाले. गाडीभाडं, हमाली, बाजाराची पावती धरून आणखी १,५०० रुपये. एकूण गुंतले १३,५००. विक्री १८ रुपयांनी.

सगळे १,००० पुडे गेले तर १८,००० येतात, ४,५०० सुटतात. ९०० गेले तर २,७०० सुटतात. ७५० गेले तर फक्त मुद्दल निघते. आणि ६०० च गेले तर २,७०० रुपयांचा खड्डा.

आता यात दिवस घाला. मुदत संपायला ४० दिवस आहेत. शेवटचे दहा दिवस धरायचेच नाहीत, कारण घेतलेला माल घरी खायलाही ग्राहकाला वेळ लागतो. उरले ३० दिवस. एका गावचा आठवडी बाजार तेवढ्या दिवसांत चार वेळाच भरतो. म्हणजे मुद्दल काढायलाच एका बाजारात जवळजवळ १८८ पुडे जायला हवेत. एक बाजार पावसात गेला, एकदा गाडी बंद पडली, की नफा संपला. दोन गावांचे बाजार धरले तर दर बाजारी ९४ पुडे, हे जमण्यासारखं आहे.

म्हणून लॉट घेताना "किती स्वस्त" याआधी "किती दिवस आणि किती बाजार" हा प्रश्न यायला हवा. बचत गटाचं कर्ज काढून पहिलाच लॉट मोठा घेतला आणि माल अंगावर राहिला, तर परतफेडीचा हप्ता थांबत नाही. आणि मुदत जवळ आली की मोह होतो, तारीख उलटल्यावरही चार दिवस विकून टाकू म्हणून. कायद्याच्या कचाट्यात माणूस सापडतो तो इथंच.

लॉट घेण्याआधी या गोष्टी बघाव्यात :

– खोकं फोडून आतले पुडे बघावेत. वरच्या थरात ६० दिवसांचा माल आणि खाली २० दिवसांचा, असं मिसळलेलं असू शकतं.
– खोक्यावरचा आणि पुड्यावरचा बॅच नंबर, तारीख जुळते का ते पाहावं.
– तारखेवर बोट घासून बघावं. पुसट झालेली, दुहेरी छापलेली, स्टिकरखाली झाकलेली तारीख असेल तर लॉट सोडून द्यावा.
– बिलावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, मालाचं नाव आणि नग असावेत. जमल्यास बॅच नंबरही लिहून घ्यावा.
– उरलेला माल परत घेणार का, हे आधीच लेखी ठरवावं. लॉटच्या मालात बहुतेक वेळा 'नो रिटर्न' असतं, हे धरूनच भाव करावा.

ग्राहकाचा हिशेब : स्वस्त पुडा महाग कसा पडतो

पुड्यावर दोन प्रकारच्या तारखा दिसू शकतात. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे त्या दिवसानंतर वापरायचं नाही. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील. २०२२ पासून लागू झालेल्या लेबलच्या नियमांनुसार एक्सपायरी किंवा यूज बाय तारीख छापणं बंधनकारक आहे, बेस्ट बिफोर ही जादाची माहिती. ब्रिटनसारख्या देशात फक्त बेस्ट बिफोर उलटलेला माल उघडपणे, स्वस्तात विकता येतो, 'यूज बाय' उलटलेला मात्र विकता येत नाही. आपल्याकडे ग्राहकाने एक्सपायरीची तारीख हीच शेवटची रेघ मानावी. "तारीख नुसती नावाला असते, काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं.

तारखेआधीचा माल घेतानाही घरचा खप बघावा. घरात आठवड्याला एक पुडा लागत असेल आणि मुदतीला चार आठवडे उरले असतील, तर चारच पुडे कामाचे. स्वस्त म्हणून दहा घेतले तर १८० रुपये गेले, सहा पुडे वाया गेले, आणि खाल्लेला प्रत्येक पुडा ४५ रुपयांना पडला. छापील किमतीपेक्षाही महाग.

दुसरी गोष्ट उन्हाची. पुड्यावरची मुदत ही 'थंड व कोरड्या जागी ठेवा' या अटीवर दिलेली असते. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढं जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद टेम्पोत त्याहून जास्त. असा तापलेला माल तारखेआधीच बिघडू शकतो. चॉकलेट वितळून पुन्हा घट्ट होतं आणि त्यावर पांढरट थर येतो. तेलकट पदार्थाला खवट वास येतो. वेफर्सचं पाकीट बसलेलं असेल तर हवा निघून गेलेली असते.

चहा, मसाले, कोरडी बिस्किटं असा माल त्यातल्या त्यात टिकाऊ. दूध आणि दुधाचे पदार्थ, फ्रीजमधला माल, तेलकट फरसाण लॉटमधून घेताना दहा वेळा विचार करावा. लहान बाळाची दूध पावडर आणि बाळाचा आहार तर अशा ठिकाणाहून घेऊच नये. फुगलेला टेट्रा पॅक किंवा डबा कितीही स्वस्त दिला तरी नको. आणि पुडे फोडून सुट्टा विकलेला माल घेऊ नये, कारण पुड्याबरोबर तारीखही गेलेली असते.

बाजार ज्यांच्या पावतीवर चालतो, त्यांनीही बघावं

एफडीएचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी. प्रत्येक गावच्या बाजारात दर आठवड्याला अधिकारी येईल, ही अपेक्षा व्यवहारी नाही. पण आठवडी बाजारात बसणाऱ्याकडून पावती फाडली जातेच, ग्रामपंचायतीची असो की नगरपंचायतीची. पावती फाडताना पॅकबंद खाद्यपदार्थ विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक लिहून घेतला तर वेगळा खर्च येत नाही. बाजाराच्या तोंडाशी "तारीख बघा, बिल मागा" असा एक फलक लावता येतो. ग्रामसभेत हा ठराव घेता येतो. यामुळे प्रामाणिकपणे लॉटचा माल विकणाऱ्याचं नुकसान होत नाही. उलट तारखा पुसून विकणारा त्याच्या शेजारी बसू शकत नाही.

शाळा, अंगणवाडी, यात्रेतला महाप्रसाद, मंडळाचं वाटप यासाठी कुणी बिस्किटांची खोकी दान देत असेल तर तीही उघडून तारीख बघूनच घ्यावीत. दान म्हणून दिलेल्या खोक्यालाही मुदतीची तारीख असतेच.

मुदत संपलेला किंवा तारीख खोडलेला माल कुठं विकला जात असेल तर पुड्याचा पुढून-मागून फोटो काढावा, बॅच नंबर स्पष्ट दिसू द्यावा, पुडा टाकून देऊ नये. एफडीएच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ग्राहकाला बिल न देणं हासुद्धा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो. नुकसान झालं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथं फी लागत नाही.

१८ रुपयांना मिळणारा ३० चा पुडा फसवणूकच असतो असं नाही. कमी केलेले १२ रुपये म्हणजे त्या पुड्याच्या गेलेल्या दिवसांची किंमत आहे. ते दिवस किती गेले आणि किती उरले, हे विकणाऱ्यालाही माहीत असावं आणि घेणाऱ्यालाही. पुढच्या बाजारात पिशवीत पुडा टाकण्याआधी तो उलटा करून बघायला दहा सेकंद लागतात.